मीठा सोड

देवळीच्या मोतीलाल शेठांनी नदी गोड करायला स्वतःच्या खिशातून पैसा काढला, तेव्हा शेठांना एवढं पुण्य कसं सुचलं याचं कोडं लोकांना फार दिवस पडलं नाही. नदीच्या खाऱ्या पाण्याने त्यांच्या कापसाच्या जिनाचा बॉयलर आतून खपल्या धरत होता. बॉयलरला गोड पाणी हवं होतं, म्हणून माणसांनाही मिळणार होतं. असो, मिळणार होतं हे महत्त्वाचं.

नदी जन्माची खारी नव्हती. गावाच्या वरच्या अंगाला, काठच्या खडकातून एक खारा झरा फुटत होता. उन्हाळ्यात धार बारीक झाली की तो सगळ्या पाण्याची चव नासवायचा. शेठांनी त्याच्याभोवती दगडी हौद बांधला. हौदातलं पाणी चराने पडीत माळावरच्या उथळ वाफ्यांत जायचं, उन्हात आटायचं आणि मागे मिठाचा पांढरा थर ठेवायचं. शेजारीच मातीचा बांध घालून नदीचं गोडं पाणी अडवलं होतं. हौदाला नदीकडे उघडणारी एक लाकडी फळी होती, बांधाला दुसरी. हौदाची फळी फक्त पुराच्या वेळी उघडायची, एरवी नाही.

या दोन फळ्यांची राखण अनुसयाबाईकडे होती. मिठाने टाचा फुटतात म्हणून गावातलं कोणी या कामाला यायला राजी नव्हतं. तिच्याही टाचा फुटल्या, रात्री तेल चोळत बसायची, पण काम सोडलं नाही. गेल्या दसऱ्याला ती गावकुसाबाहेरच्या आपल्या वाड्यातल्या सगळ्यांबरोबर नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आली होती. तोवर गावच्या विहिरीवर कोणीतरी दया येऊन वरून बादलीभर पाणी ओतायचं. त्या दसऱ्यापासून तेही बंद झालं. आता बौद्धवाड्याला नदीच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्यांचाच आधार होता. तिच्या लेकीची, कांताची, तान्ही पोर खाऱ्या पाण्याने हगवण लागून पार सुकली होती. नदी गोड झाली नाही तर ती हा वैशाख काढत नाही, हे वाड्यात सगळ्यांना कळत होतं. बोलत मात्र कोणी नव्हतं.

त्या दिवशी पारख होती. शेठ घाटावर येणार, पाण्याची चव घेतली जाणार. गोड निघालं तर काम पुढे चालणार, नाहीतर शेठ हात आखडता घेणार होते. सांगावा आला की सांगतील ती फळी उघडायची, एवढंच अनुसयाबाईला ठाऊक होतं.

ऐन दुपारी, उन्हाची झळ तोंडाला लागत असताना, पलीकडच्या काठाने शेठांचा मुकादम रूपराव धावत आला. गावातलाच शेतकरी, कास्तकार, आवाज खणखणीत. हात तोंडाशी धरून तो ओरडला, "अनुसये! शेठनं सांगतलं, मीठा सोड!"

अनुसयाबाई उठून उभी राहिली. हिंदी तिला कळत नव्हती असं नाही. तेच हिंदी बोलणाऱ्या शेठांच्या तोंडून आलं असतं तर ती चटकन गोड समजली असती. पण रूपरावच्या मराठी तोंडातून तिने मीठच ऐकलं. मीठ सोड! हौद सोड! खाली झिऱ्यांवर बायका घागरी घेऊन बसलेल्या. बुद्धाचं नाव घेतलं त्याचा सूड असा घेतात काय?

"नाई सोडत!" ती ओरडली.

"काऊन? शेठ घाटावर येऊन राह्यला! मीठा सोड म्हणतो ना!"

ती हौदाच्या फळीवर जाऊन बसली, दोन्ही हातांनी कडी आवळून. रूपराव धारेतून पाणी उडवत अलीकडे आला. तो जवळ आला तशी तिने काठी उचलली. "खबरदार, मुकादम! माह्या नातीच्या तोंडात मीठ घालता? माणसं हाये का कोण हाये?"

रूपराव जागच्या जागी थिजला. वैर, राग, सगळं तो समजू शकला असता, हा आळ नाही. त्याचा चेहरा पडला.

एवढ्यात गलका ऐकून शेठ घाटावरून वर आले, मागे अर्धं गाव. काय झालं ते कळल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. "अरे बाई, मीठा! मीठा माने गोड! नमक नहीं!"

अनुसयाबाईच्या हातातली काठी गळली. शरमेने तिला वर बघवेना. उठून तिने बांधाची फळी वर ओढली आणि अडवलेलं पाणी वाळू भिजवत झिऱ्यांकडे निघालं.

पाण्यामागोमाग सगळे खाली घाटावर उतरले. धार अजून गढूळ होती, निवळ पाणी वाड्याच्या झिऱ्यांतच भरलं. आता चव कोण घेणार? शेठ तर घरच्या तांब्याशिवाय पाणी पीत नसत. बौद्धवाड्यातल्या बायका पुढे झाल्या, तसे शेठ म्हणाले, "तुम तो मीठा ही बोलोगे. गाँववाला कोई पिये." गाववाले एकमेकांकडे बघू लागले. बौद्धांच्या झिऱ्यातलं पाणी! एकही पाऊल हललं नाही. शेठांनी घड्याळ काढलं. कांता पोरीला छातीशी धरून उभी होती आणि अनुसयाबाईला वाटलं, गेलं, सगळं हातचं गेलं.

रूपराव पुढे आला. अनुसयाबाईसमोर थांबला. "मी तुह्या नातीच्या पाण्यात मीठ टाकीन, असं वाटलं तुले?" मग तो झिऱ्याशी गुडघे टेकून बसला, ओंजळ भरली आणि सगळ्या गावादेखत घटाघटा प्यायला. पुन्हा भरली, पुन्हा प्यायला.

"गोड हाये," तो म्हणाला.

काम चालू राहिलं. गावची विहीर मात्र वाड्याला उघडली नाही. रूपरावच्या आईने त्या रात्री त्याचं ताट बाहेर अंगणात ठेवलं आणि पाण्याच्या माठाला हात लावू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी अनुसयाबाई झिऱ्यावर घागर भरत होती. समोर सावली पडली. रूपराव उभा होता, हातात रिकामा लोटा.

"थोडा मीठा दे वो बाई," तो म्हणाला.