मल्हारीनं मशीन सोडलं

मल्हारीइतका हट्टी सिनेमा-ऑपरेटर नाशिकरोडला दुसरा नव्हता. सासरा वारला तेव्हासुद्धा हा गडी मॅटिनी संपवूनच स्मशानात पोचला. "खेळ चालू असताना केबिन सोडायची नाय," एवढं एकच त्याला कळायचं. मी खाली तिकीटखिडकीवर असायचो. त्याला 'मशीनचा नवरा' म्हणून चिडवायचो, पण तो कधी हसला नाही. खरी बायको छाया, एकलहऱ्याची, त्याच्यापेक्षा कितीतरी धीट.

२००३च्या सुमाराला भुताखेतांचे आणि डोकं भंजाळून टाकणारे सिनेमे धो धो चालायला लागले. प्रिंट महाग, म्हणून देवळाली कॅम्पच्या थिएटरात आणि आमच्यात मिळून एकच यायची. तिथं खेळ आधी सुरू व्हायचा. तिथलं रीळ संपलं की छाया ते पत्र्याच्या पेटीत घालून लुनावरून आमच्याकडे आणायची. "बाईमाणसाला कशाला पळवतोस?" म्हटलं की याचं उत्तर ठरलेलं, "तिच्यासारखं टायमावर कोण येतंय?"

त्या दुपारी हाउसफुल्ल होतं. सिनेमातल्या घरातल्या माणसांना एकेक करून मारणारा कोण, एवढंच कळायचं राहिलं होतं. आणि शेवटच्या रिळाची पेटी आली नव्हती. मी कॅम्पला फोन लावला. छाया तिथून केव्हाच निघाली होती. वर जाऊन सांगितलं, तर मल्हारी मशीनमधल्या उजेड देणाऱ्या कार्बनच्या कांड्या सरकवत नुसता "हं" म्हणाला. चालू रीळ संपत आलं, तसं त्यानं शेजारच्या मशीनवर आधीचंच, नुकतंच गुंडाळून ठेवलेलं रीळ पुन्हा चढवलं.

पडद्यावर परत तोच जिना, तीच मेणबत्ती. मेलेली मोलकरीण पुन्हा चहा घेऊन आली. मला वाटलं, आता खुर्च्या फुटणार. पण असल्या सिनेमांनी लोकांची डोकी अशी तयार केली होती, की कुणी चकार शब्द काढला नाही. दाराजवळचा एकजण बायकोला समजावत होता, "हिरोला भास होतोय गं. गप बघ."

मी खाली येतोय तोच खिडकीशी एक जवान आला. हातात चेपलेली पेटी.

"ट्रकने ठोक दिया. मॅडम को अस्पताल छोडके आया. बोली, पहले ये पहुँचाओ."

पेटी घेऊन मी वर धावलो आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. मल्हारीनं पेटीकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं. मग खटका ओढला. पडदा काळाठिक्कर झाला. शिट्टी नाही, आरडाओरडा नाही. आता भूत निघणार म्हणून अख्खं थिएटर श्वास रोखून बसलं. मल्हारी अनवाणीच माझ्या स्कूटरवर येऊन बसला. रस्ताभर माझा खांदा त्यानं असा आवळून धरला होता, की मला ओरडावंसं वाटत होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी बाहेरच गाठलं. पाय मोडलाय, डोक्याला टाके पडलेत, जिवाला धोका नाही. माझ्या जिवात जीव आला. आम्ही आत गेलो. छाया जागी होती.

"पेटी पोचली?"

"पोचली."

"मग मशीनवर कोण हाय?"

"कोणी नाय," मल्हारी म्हणाला.

तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"माझं लय वाईट झालंय का हो? खरं सांगा."

मल्हारी कॉटची दांडी धरून हमसून हमसून रडायला लागला, आणि ते बघून ती आणखीच घाबरली.