अंगदला वाढलेलं ताट

मीरा, ईशान — ही गोष्ट तुमच्या वडिलांनाही ठाऊक नाही. व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलं होतंत, "आजी, कबड्डीच्या लिलावात अंगददादाचं नाव का नाही आलं?" मी म्हणाले, त्याला ताप आला होता. ताप नव्हता.

अंगद आठवतो ना? तुम्ही औशाला आलात की दोघांना एकेका खांद्यावर बसवून गल्लीभर फिरवायचा. बारावीत असतानाच त्याची पकड बघायला लातूरहून माणसं येत. त्यानं एकदा घोटा धरला की चढाई करणारा सुटत नसे. सगळे म्हणायचे, हे पोरगं यंदा लिलावात जाणार, मोठे संघ त्याच्यासाठी भांडणार, टीव्हीवर दिसणार.

त्याच्याशी माझं काही वाकडं नव्हतं. राग होता त्याच्या आजीवर, समोरच्या कलाबाईवर. तुमचे आजोबा गेले त्यानंतरच्या संक्रांतीला तिच्याकडे हळदीकुंकू होतं. मी नेहमीसारखी जाऊन बसले. भरल्या खोलीत ती म्हणाली, "बाई, तुम्ही जरा आत बसा. सवाष्णी यायल्यात." मी उठले. आत जाऊन तिच्या पिठाच्या डब्यांशेजारी बसले. बाहेर हसणं चाललं होतं. जन्मभर मुलींना इंग्रजी शिकवलं, असल्या गोष्टी मानायच्या नाहीत म्हणून सांगितलं — मग ते एवढं का जळत राहिलं? आणि इतकी वर्षं?

निवड चाचणीचे नियम इंग्रजीत होते म्हणून अंगद माझ्याकडे आला. मीच वाचून सांगितले. वजन पंच्याऐंशी किलोच्या आत हवं. जरासं जरी वर गेलं तरी काट्यावरूनच परत. चाचणीत निवडलेल्यांचीच नावं लिलावात जाणार. तो अगदी काठावर होता. अर्ध्या भाकरीवर राहायचा, स्वेटर घालून पळायचा. "घरी बोलू नका आजी," म्हणाला, "म्हातारी रडत बसंल."

म्हणजे हे फक्त मला माहीत होतं.

आदल्या दिवशी कलाबाई स्वतः आली. "बाई, उद्या पोरगं लातूरला निघालंय. तुमच्या हातचे दोन घास घाला की त्याला. तुमच्या हाताला लई चव हाय." आता माझा हात चालत होता?

मी पुरण घातलं. नीट विचार करून — मी कुठलंही काम तसंच करते. पोळीवर तुपाची धार, सोबत तळलेल्या कुरडया, आणि आमटीत मीठ मुद्दाम चढं, म्हणजे तो रात्रभर पाणी पीत राहील. दुसरी पोळी वाढताना त्यानं ताटावर हात आडवा धरला. "आजी, बास की! सकाळी काट्यावर उभं राहायचंय."

तेव्हा मी एक वाक्य बोलले. इतका वेळ फिरत फिरत आले ते या वाक्यापर्यंत यायला धजत नव्हते म्हणून.

"विधवेच्या हातचं नको वाटतं का रे?"

त्यानं हात काढून घेतला. मग मी वाढत राहिले आणि तो खात राहिला. मान वर केली नाही. पोरगं रडकुंडीला आलं होतं — मला दिसत नव्हतं का? दिसत होतं.

सकाळी वजन थोडंसंच जास्त भरलं. मैदानात पाऊल न टाकता तो परत आला. घरी म्हणाला, माझीच चूक. माझं नाव त्यानं आजवर कुणाजवळ काढलेलं नाही. पुढचा हंगाम यायच्या आत गुडघा गेला. आता तो मोंढ्यात धान्याची पोती उतरवतो.

तो लातूरहून परत आला त्या दुपारी कलाबाई माझ्याकडे येऊन ढसाढसा रडली. "कुणाची नजर लागली हो बाई माझ्या लेकराला?" मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. हात स्थिर होता. आणि मला बरं वाटलं — किती वर्षांनी एवढं बरं वाटलं!

अंगद रस्त्यात दिसला की मी मान खाली घालते. पण कलाबाईचं ते रडणं आठवलं की अजूनही तेवढंच बरं वाटतं.