जाहिरातीतले पाय

भुईगावच्या नाताळ अंकाचं काम सेबेस्टियन सर बघतात. ते मला म्हणाले, "उन्नती, नताशावर दोन पानं लिही. तू तिला जवळून ओळखतेस. चांगलं लिही." चांगलं म्हणजे काय ते मला कळतं. पण सर, मी तिच्यावर जळते. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढे वाचताना कुणाला मी साध्वी वाटायला नको.

नताशा भुईगावची. कौलारू घर, पुढे ओटा, मागे केळीची आणि भाजीची वाडी. वडील रेमंडकाका सकाळी भाजी घेऊन वसईच्या बाजारात जातात. आजी रोझलीन अजून लाल लुगडं नेसते. नताशा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना तिचा बोटीवर काम करणारा पॉलमामा तिच्यासाठी स्केटबोर्ड घेऊन आला. गावातल्या गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून रिक्षा आली की ही बाई बोर्डासकट कुणाच्या तरी कुंपणात. गुडघ्यांना कायम हळद लावलेली. रेमंडकाका म्हणायचे, हिच्या लग्नात वेगळी हळद लागणारच नाही.

मी विरार पूर्वेची, मनवेलपाड्याची. तिसरा मजला, लिफ्ट नाही. सहा वर्षं बोर्डावर आहे, त्यातली पहिली दोन अगदी एकटी. एव्हरशाईन सिटीत बंद पडलेल्या दुकानांच्या एका इमारतीपुढे गुळगुळीत फरशी आहे, तिथे वॉचमन हाकलेपर्यंत आम्हा बोर्डवाल्यांचं चालायचं. नताशा तिथे पहिल्यांदा आली तेव्हा मला म्हणाली, "शिकवशील?" मी म्हटलं, आधी पडायला शीक. महिनाभर मी तिला नुसतं पडायला शिकवलं. तक्रार न करता पडली. आणि वर हसायची. मला तिचं पहिल्यांदा खटकलं ते हेच. मी पडले की दोन दिवस घरात कुणाशी धड बोलत नाही.

आमच्या घरची एक गोष्ट इथे सांगायला हवी. चार वर्षांपूर्वी दसऱ्याला आईने शिलाई मशीन, कात्री, स्कूटी यांच्याबरोबर माझा बोर्डही पुजला. हळदकुंकू, झेंडू, सगळं साग्रसंगीत. दुसऱ्या दिवशी मी त्यावर पाय ठेवणार तर म्हणाली, "पुजलेल्या वस्तूवर सरळ पाय देतेस? आधी पाया पड." तेव्हापासून चढायच्या आधी मी वाकते, बोटं बोर्डाला लावते आणि मग कपाळाला. फरशीवरची पोरं यावरून माझी टर उडवायची. नताशाने कधी उडवली नाही. ती आपली क्रुसाची खूण करायची आणि चढायची.

गेल्या वर्षी बुटांच्या एका कंपनीची माणसं आली. आमचे मोबाईलवरचे व्हिडिओ त्यांनी पाहिले होते. स्केटबोर्ड करणारी एक मुलगी हवी होती. वर्षभराचा करार, महिन्याला पगार, जाहिरातीत चेहरा. मी मेडिकलच्या दुकानात दिवसभर उभी राहून लोकांना गोळ्या काढून देते. तो करार मिळाला असता तर दुकानाला रामराम ठोकला असता आणि दिवसभर बोर्डावर राहिले असते. मला तो हवा होता. आयुष्यात दुसरं काही मला इतकं हवं नव्हतं.

निवडीच्या दिवशी मी किकफ्लिप मारली. म्हणजे आपण उडी मारायची, बोर्ड हवेत पायाखाली स्वतःभोवती पूर्ण फिरतो आणि आपण परत त्याच्यावरच उतरतो. मी पाचपैकी पाच मारल्या. नताशाला एकही जमली नाही. मग त्यांचा टोपीवाला डायरेक्टर म्हणाला, आता दोघींची घरं बघू. घरं कशाला? सोयरीक जुळवायला आलेत की काय? मनवेलपाड्यात त्याने ग्रिलला वाळत घातलेले कपडे पाहिले, गच्चीवरच्या टाक्या पाहिल्या आणि म्हणाला, "ये तो कहीं का भी लगता है." भुईगावात मात्र त्याचा मोबाईल खाली येईना. कौलं काय, केळी काय, अंगणातला क्रूस काय, आजीचं लुगडं काय. करार नताशाला मिळाला. घाम मी गाळला आणि जिंकली कोण, तर कौलं.

शूटिंगला नताशाला आजीचं लुगडं नेसवलं. ओट्यावर माशांची टोपली आणून ठेवली. रोझलीनआजी म्हणाली, "बाबा, आम्ही वाडीवाले. मासे आम्ही पन विकतच आनतो." टोपीवाला म्हणाला, "बहुत अच्छा, आजी," आणि टोपली तिथेच राहिली. हे नताशाने मला हसत हसत सांगितलं. मीही हसले. खरं तर मला त्या टोपलीचासुद्धा हेवा वाटला. तीदेखील जाहिरातीत होती.

दोन दिवस झाले तरी नताशाला उडी जमेना. तिसऱ्या दिवशी कंपनीचा मला फोन आला. फक्त पाय हवे होते. पाय माझे, चेहरा तिचा, आणि कुणाला सांगायचं नाही अशा कागदावर सही. स्वाभिमान असता तर मी गेले नसते. गेले. वाटलं, तोंड नाही तर नाही, पाय तरी जाऊ देत. रोझलीनआजीने मला लुगडं नेसवलं आणि म्हणाली, "पोरी, पानी पिऊन घे, चेहरा बघ कसा झालाय." नताशाचे बूट मला एक नंबर लहान. ती छत्रीखाली खुर्चीत बसली होती, तोंडाला पावडर लावून. उठून आली, खाली बसली आणि माझ्या बुटांच्या लेस बांधून दिल्या. "सॉरी यार," म्हणाली.

"त्यात काय," मी म्हटलं. त्यात सगळंच होतं.

टोपीवाल्याने बजावलं होतं की फक्त पाय दिसले पाहिजेत, हात मध्ये आणू नकोस. तीन वेळा मी घसरले. चौथ्या वेळी उडी अशी बसली की कॅमेरावालाही वा म्हणाला. पण चढायच्या आधी माझा हात खाली गेला होता. बोटं बोर्डाला लागली आणि वर गेली. मी म्हटलं, सॉरी, सवय आहे. टोपीवाल्याने पुन्हा लावून पाहिलं आणि म्हणाला, "रहने दो, गांव का टच आता है."

जाहिरात आली आणि तुफान चालली. आईने शिलाई थांबवून मोबाईलवर पाहिली. "बघ ती पोरगी कशी करते," मला म्हणाली. "नाहीतर तू, इतकी वर्षं नुसती ढोपरं फोडतेस." तिने परत लावली. मग चष्मा पुसून परत. "अगं, ही तर ख्रिश्चन. ही बोर्डाच्या पाया कशी पडते?" माझ्याकडे बघत राहिली. मी भाजी निवडत होते, मान वर केली नाही. "हात तुझाय," आई म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "तोंड का नाही घेतलं गं तुझं?"

मला रडू फुटलं. सही केली होती ती बाहेरच्यांसाठी. आईपुढे कसली सही.

आईला पडला तोच प्रश्न भुईगावात सगळ्यांना पडला. चर्चच्या दारात बायका नताशाला विचारायला लागल्या. मग एका चॅनेलवाल्या बाईने तिच्या ओट्यावर बसून, माइक पुढे करून विचारलं, तो नमस्कार कुठून आला? तिला थाप मारता आली असती. आजीने शिकवलं म्हटलं असतं तर बाई खूश झाली असती, कंपनी दुप्पट खूश. नताशा म्हणाली, "पाय माझे नाहीत. मला ती उडी येत नाही."

आठवड्यात करार रद्द झाला.

आणि मग काय झालं? तिचं आणखी कौतुक झालं. 'भुईगावची प्रामाणिक नताशा' म्हणून फोटो, हार, कॉलेजात सत्कार. म्हणजे खोटं चाललं तेव्हाही फोटो तिचाच आणि खरं बोलली तेव्हाही तिचाच. माझ्याबद्दल बातमीत एक ओळ होती, 'पाय तिच्या एका मैत्रिणीचे होते.' मी तिला फोन केला. माझा आवाज चढला होता. "नाव का नाही घेतलंस माझं?"

"तीनदा घेतलं गं," ती म्हणाली. "त्यांनी कापलं."

आता कंपनी मला बोलावेल असं मला वाटलं होतं. महिनाभर फोन उशाशी घेऊन झोपले. कुणी बोलावलं नाही. तिचं तेल गेलं, माझं तूप गेलं आणि दोघींच्या हाती धुपाटणं आलं.

आता नताशा वडिलांबरोबर भाजी घेऊन बाजारात बसते आणि बँकेच्या परीक्षा देते. रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की बोर्ड घेऊन एव्हरशाईनला येते, किकफ्लिप शिकायला. एकदा मी तिला म्हटलं की माझ्या त्या हातामुळे तुझा करार गेला. ती म्हणाली, "तुझी सवयच ती, तू काय करणार?" गेल्या महिन्यात तिला उडी जमली. मला शिकायला आठ महिने लागले होते, तिला सहा. मी टाळ्या वाजवल्या. आनंद झाला असं लिहायला हवं, पण झाला नाही.

सर, नताशा चांगली आहे. मेली खरोखरच चांगली आहे, आणि तेच मला सोसत नाही. म्हणून एक गोष्ट लिहिते, जी मी तिला अजून सांगितलेली नाही. पहिल्या तीन वेळी मी हात मागे घट्ट धरून ठेवला होता. मला तो धरता येत होता. चौथ्या वेळी छत्रीखाली बसलेल्या तिच्याकडे माझं लक्ष गेलं आणि मी तो मुद्दाम खाली नेला. कुणीतरी ओळखावं म्हणून, आणि ती पकडली जावी म्हणून. ती सवय नव्हती. अंक आला की नताशा हे वाचेल. एवढ्या ओळी कापू नका.