दुसऱ्याच्या नंबरावरचे रक्त

लासुर्ण्यापासून बारामतीपर्यंत कालव्याच्या दोन्ही काठांवर जेवढी माणसे राहतात, त्या सगळ्यांचा मिळून जेवढा संशय होईल तेवढा एकट्या माझ्या थोरल्या साडूंकडे होता. ते माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे मिस्टर. सगळे त्यांना आबा म्हणत, मीही म्हणे. एसटीत तिकीट हातात पडले की ते चष्मा लावून वाचत आणि कंडक्टरला विचारत, "आजचीच तारीख हाय नव्हं?" त्यांच्या पुतण्यासाठी मुलगी बघायला निमगाव केतकीला गेलो होतो, तेव्हा चहाचा पहिला घोट घेऊन त्यांनी मुलीच्या वडिलांना विचारले, "दुधात पानी तुमी घातलंय का गवळ्यानं?" पुतण्याचा चेहरा पांढरा पडला. सोयरीक तरीही जमली, कारण मुलीच्या बापाला आपल्या गवळ्याचा उलगडा त्याच दिवशी झाला आणि असा माणूस विरोधी बाजूला असण्यापेक्षा सोयरा असलेला बरा, असे त्यांनी ठरवले असावे.

अशा माणसाला नियतीने नोकरीही अगदी शोधून दिली होती. लासुर्ण्याजवळच्या वस्तीवरच्या दूध संस्थेचे ते सेक्रेटरी होते. सकाळ-संध्याकाळ लोक दूध घेऊन येत आणि आबा त्याची फॅट काढत. नमुना घेण्याआधी दूध तळापासून ढवळलेच पाहिजे, हा त्यांचा धर्म होता. वरवरचे दूध मलईचे असते, खालचे पातळ असते, म्हणजे न ढवळता घेतलेला नमुना म्हणजे शपथेवर सांगितलेले खोटे, असे ते ऐकवत. त्यांच्या घरी पाहुणा गेला तर आमटीसुद्धा तळापासून ढवळून वाढली जाई. एकदा खुद्द आक्कांचे, म्हणजे त्यांच्या पत्नीचे, दूध त्यांनी सगळ्या रांगेसमोर परत पाठवले. आक्का म्हणाल्या, "चरवी धुताना ऱ्हायलं असंल थेंबभर पानी." आबा म्हणाले, "मग थेंबभर घरी नेऊन प्या." त्यानंतर बरेच दिवस आबांना कोरा चहा मिळाला आणि त्यांनी तो न्यायाची किंमत म्हणून मिटक्या मारत प्यायला.

पण त्यांचा खरा राग होता तो दुसऱ्याच्या नंबरावर दूध घालणाऱ्यांवर. संस्थेच्या प्रत्येक सभासदाला नंबर असतो. आपली म्हैस पातळ देत असली की भावाच्या म्हशीचे दूध आणून आपल्या नंबरावर घालायचे आणि फॅट वर दाखवायची, ही आमच्याकडची जुनी कला. सगळे करतात, कुणी वाईट मानत नाही. आबांनी मात्र नियमच करून टाकला, की असा सापडला तो काट्यावरून कायमचा उतरला, म्हणजे त्याचे दूध संस्थेत बंद. त्यात त्यांचे दोन चुलतभाऊ उतरले. भावकीने त्यांच्याशी बोलणे सोडले, त्याचेही आबांना वाईट वाटले नाही. ते म्हणत, "बोलून तरी खरं कुठं बोलत हुती?"

एवढ्या संशयी माणसाला स्वतःच्या छातीचा मात्र कधी संशय आला नाही. नव्वदचे दशक संपत आले होते. काट्यावरच घाम फुटून आबा खाली बसले, त्यांना पुण्याला नेले, आणि तिथल्या डॉक्टरांनी हृदयाच्या नसेत स्प्रिंग बसवली. स्टेंट हा शब्द आमच्याकडे रुळला नव्हता. मांडीच्या सांध्यातून नळी घालून नस तपासतात, मग पायावर वाळूची पिशवी ठेवून माणसाला निपचित पाडून ठेवतात, आणि त्याआधी कुणी एक पोरगेला माणूस येऊन तिथली हजामत करतो. नळीचे आबांना काही वाटले नाही. हजामतीचा अपमान ते विसरले नाहीत. "पुन्यांदा त्या टेबलावर जाणार न्हाय," त्यांनी जाहीर केले, "मेलो तरी अंगावर केसं ठिवून मरंन."

अडचण अशी की स्प्रिंग बसवली तरी काही जणांची नस त्याच जागी पुन्हा आकसते. कुणाची आकसेल हे रक्तातल्या खुणांवरून आधीच ओळखता येते का, याचा ते डॉक्टर अभ्यास करत होते. अंगात कुठे सूज असेल तर रक्तात एक पदार्थ वाढतो, तो स्प्रिंगवाल्यांमध्ये वाढला की पुढे नस आकसते का, असा काहीसा त्यांचा शोध होता. त्यासाठी ठरावीक काळाने रक्त द्यायचे होते. आबा खूश झाले. आयुष्यभर दुसऱ्यांचे नमुने घेतलेल्या माणसाला अखेर त्याच्या तोडीचा माणूस भेटला होता.

पहिल्या दिवशी नर्सने दंडाला पट्टी बांधली तशी आबांनी हात मागे घेतला. "थांबा बाई, ढवळू द्या." आणि भर दवाखान्यात उभे राहून ते दोन्ही हात रहाटासारखे फिरवू लागले. नर्स मला म्हणाली, "काका, यांना काही होतंय का?" मी म्हणालो, "नाही, हे नेहमीच असे असतात." रक्त घेऊन झाल्यावर आबांनी बाटलीवरचे नाव वाचले, बूच ओढून पाहिले आणि डॉक्टरांना विचारले, "फॅट किती लागली?" डॉक्टर भला माणूस. तो म्हणाला, "आबा, यात फॅट नाही, सूज बघतो आम्ही." आबा म्हणाले, "बघा, बघा. पन माझ्यासमोर बघा."

पुढच्या खेपेला तो पदार्थ थोडा वाढलेला निघाला. डॉक्टरांनी सांगितले, की पुन्हा वाढलेला आला तर नळी घालून नस पाहावी लागेल. म्हणजे तेच टेबल आणि तोच हजामत करणारा. आबा घरी आले ते जेवेनात. आक्का रडवेल्या होऊन त्यांना घेऊन आमच्याकडे बारामतीला आल्या. आणि इथे मला, पाटबंधारे खात्यातल्या एका कारकुनाला, अक्कल सुचली. पुढचे रक्त बारामतीतच द्यायचे होते. पुण्याहून माणूस बर्फाची पेटी घेऊन येई आणि आमच्या बाजूच्या रुग्णांचे रक्त घेऊन जाई. तो चेहरा ओळखत नव्हता, नाव पुकारत होता. मी म्हणालो, "आबा, त्यात काय एवढं? तुमच्या नावावर मी देतो. मी धडधाकट माणूस आहे."

आबा म्हणाले, "भाऊसाहेब, हे दुसऱ्याच्या नंबरावर घालणं झालं."

"दूध आहे का ते?"

"दुधापेक्षा वंगाळ हाय."

पण पलीकडे आक्का डोळ्याला पदर लावून बसल्या होत्या, आणि आबा घाबरले होते, हे मला आज लिहायला बरे वाटत नाही पण खरे आहे. रक्त द्यायच्या दिवशी ते माझ्याबरोबर आले. नाव पुकारले गेले आणि मी "हो" म्हणून हात पुढे केला. आबा शेजारच्या बाकावर बसून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होते. नमुना घेतला जात असताना दुसरीकडे बघणारे आबा मी जन्मात पहिल्यांदा पाहिले. मला तर त्याची गंमतच वाटली. सुई निघाल्यावर मी हात फिरवून दाखवला आणि म्हणालो, "ढवळायचं राहिलं की हो!" ते हसले नाहीत.

एक बारीकशी गोष्ट मी विसरलो होतो. त्या आठवड्यात माझी दाढ सुजली होती आणि मी गालात लवंग धरून फिरत होतो. दाढेचा आणि हृदयाच्या तपासणीचा काय संबंध, असे कुणालाही वाटेल. रक्ताला मात्र सूज कुठलीही चालते. पुण्याहून निरोप आला, की आबांचा तो पदार्थ भलताच वाढला आहे, ताबडतोब घेऊन या.

एसटीत मी आबांना समजावत होतो. म्हणालो, काही बोलू नका, नस बघतील, चांगली निघाली तर बरेच झाले. माझी निवृत्ती जवळ आली होती आणि सरकारी माणसाने खोट्या नावाने रक्त दिले हे कुठे कळू नये, एवढेच माझ्या मनात होते. आबा खिडकीबाहेर बघत होते. त्या दिवशी त्यांनी तिकीटसुद्धा वाचले नाही.

दवाखान्यात त्यांना हिरवा झगा घातला, चाकाच्या पलंगावर झोपवले. डॉक्टर आले तसे आबा उठून बसले. "डॉक्टर, ते रगत माझं न्हाय."

"म्हणजे?"

"माझ्या नावावर दुसऱ्याचं घातलं."

"कुणाचं?"

"ते इचारू नका. पन ज्याचं हाय त्या मान्साला काय धोका हाय का, तेवढं सांगा. मी निरोप दिन."

आणि ज्याचे होते तो माणूस त्यांच्या उशाशी, गालाला रुमाल लावून उभा होता. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले, माझ्या गालाकडे पाहिले, आणि आबांनाच म्हणाले, "निरोप द्या, आधी दाढ दाखवून घ्या म्हणावं." मग ते आबांवर रागावले, आणि रीतसर रागावले. अशा एका नमुन्याने इतक्या लोकांचा हिशोब चुकू शकतो, तुमचे नाव अभ्यासातून काढावे लागेल, असे म्हणाले. आबा मान खाली घालून ऐकत होते. "काढा," ते म्हणाले, "काढायलाच पायजे." त्यांचे स्वतःचे रक्त पुन्हा घेतले, ते चांगले निघाले. चालत्या पट्ट्यावर चालवून पाहिले, तेही ठीक. टेबलावर जायची वेळच आली नाही. मी परतताना दौंडला उतरून सगळ्यांसाठी भजी घेतली, असला मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी काट्यावर उभे राहून लोकांना सांगितले, "माझ्या हातून लबाडी झालीया. मी उतरतो." किल्ली ठेवली आणि घरी गेले. कसली लबाडी, ते सांगितले नाही, कारण सांगायचे तर कुणाचे रक्त हेही सांगावे लागले असते. आता दूध संस्थेच्या सेक्रेटरीने लबाडी केली म्हणजे काय केली असेल, हे ठरवायला वस्तीला वेळ लागला नाही. दुधात पाणी. ज्यांची दुधे त्यांनी परत पाठवली होती, त्यांचा आनंद तर विचारू नका. चुलतभावांनी पेढे वाटले. आक्कांनी विचारले तेव्हा आबा म्हणाले, "माझंच डोस्कं फिरलं हुतं." कल्पना माझी होती, हे त्यांनी बायकोसमोरही काढले नाही. आक्का तेव्हा तिथेच होत्या, त्यांना ते ठाऊकच होते, पण मेहुण्याला तोंडावर बोलायची पद्धत नव्हती. त्या मला चहा देत, दुधाचा, भरपूर साखर घालून, आणि मी तो संपवत असे.

नवे सेक्रेटरी आले. ते दूध ढवळत नाहीत. लोक सुखात आहेत. आबांची ती स्प्रिंग शेवटपर्यंत टिकली. ते गेले ते म्हातारपणाने, आपल्या घरात, झोपेत. दहाव्याला कालव्याच्या कडेला कुणीतरी म्हणाले, "मानूस झकास, पन दुधात जरा..." बाकीच्यांनी माना हलवल्या. मीही तिथे बसलो होतो.

ते असताना एकदा मी धीर केला होता. दोघेच त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. म्हणालो, "आबा, मी सगळ्यांना खरं सांगून टाकतो. दुधाचं काही नव्हतं, रक्ताचं होतं, आणि ते माझं होतं."

 आबा म्हणाले, "कोन इस्वास ठिवनार, भाऊसाहेब? म्हनतील, सेक्रेटरीनं साडूला पढवून आनलाय."

मला हसू आले आणि त्या हसण्याच्या आडोशाने मी आणखी कित्येक वर्षे गप्प राहिलो. आता लिहितो आहे. मला पढवायला आता ते नाहीत.