दिदिमणींचं मोठ्यानं वाचणं

२०२२ साल. मी एकाहत्तर वर्षांचा, आणि कुणी काही वाचून दाखवलेलं मला खपत नसे. दिदिमणींना तर सगळंच मोठ्यानं वाचायची खोड. औषधाची बाटली असो की खांबावरची नोटीस, बाई उभ्या राहणार आणि अख्ख्या गल्लीला ऐकवणार.

दिदिमणी म्हणजे बंगालमधल्या खिदिरपूरच्या आमच्या वस्तीतल्या निवृत्त शाळाबाई. चण एवढीशी, आवाज गोदीच्या भोंग्यासारखा. वॉर्डातल्या कामांबद्दल लोकांनाही विचारायचं असं पालिकेत वर ठरलं, तेव्हा आमची पाच जणांची समिती झाली. नळ कुठे, दिवा कुठे, ते आम्ही ठरवायचं. रविवारी सकाळी वस्तीतल्या क्लबाच्या ओट्यावर सभा. आधी सह्या, मग चहा, मग सगळे घरी, आणि ठराव मागाहून लिहायचा, हा इतर वस्त्यांतला रिवाज. दिदिमणी मात्र वही मांडीखाली दाबून बसत. "आधी ऐका, मग सही." जड कागदी बंगालीत वाचून झालं की माझ्याकडे वळून हिंदीत सांगायला लागत.

"मला नका सांगू. चाळीस वर्षं काढलीत इथं," मी फणकारे.

"तुमच्यासाठी नाही हो दादा. माझ्या घशाला सवय आहे."

खरं असं, की मी मराठी दुसरीपर्यंत शिकलेला. बंगाली फडाफडा बोलतो, अक्षर एक ओळखत नाही. चहाच्या टपरीवर पेपर उघडून बसायचो तो चित्रांसाठी. बाईंना हे ठाऊक होतं. त्यांनी कधी कुणाला कळू दिलं नाही.

पावसाळ्यात त्या इस्पितळात गेल्या. तेव्हाच पालिकेच्या ऑफिसचा बाबू कागद घेऊन टपरीवर आला. "वस्तीतल्या तळ्याचं काम आहे, शिंदेबाबू. दोन सह्या झाल्यात, तिसरी तुमची झाली की पुरे."

बाकावरून कुणीतरी हसलं, "दिदिमणी नाहीत. आता दादांना वाचून कोण दाखवणार?"

डोकं फिरलं. कागदावर वरपासून खालपर्यंत नजर फिरवली, मान डोलावली आणि सही ठोकली.

आठवड्यात तळ्यात मातीचे डंपर उलटू लागले. तळं बुजवायला वस्तीची हरकत नाही, असा तो कागद होता. बायका घासायची भांडी घेऊन काठावर उभ्या. बाबू त्यांना माझी सही दाखवत होता.

दिदिमणी परतल्या त्या पार खंगून. बुजलेल्या तळ्यापाशी रिक्षा थांबवून मला विचारलं, "दादा, कागद कुणी वाचून दाखवला होता?"

"मी स्वतः वाचला."

त्यांनी रिक्षावाल्याला हातानंच पुढे चल अशी खूण केली. त्यानंतर सभेला आल्याच नाहीत. एका शनिवारी दुपारी गेल्या. घाटावर पोचवून आम्ही परत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर सभा भरली. चहाच्या आधीच बाबूनं वही माझ्यापुढे सरकवली. पान कोरं होतं. मी उठून उभा राहिलो आणि सगळ्यांदेखत म्हटलं, "मला बंगाली वाचता येत नाही. तळ्याचा कागदही मी वाचला नव्हता." मग वही मांडीखाली घेऊन बसलो. "हं. काय ठरवायचंय ते आता मोठ्यानं बोला."