टीव्हीवर दिसलेली मावशी

माझ्या मावशीला सगळे टेपमावशी म्हणायचे. गळ्यात मापाची टेप कायम लोंबत असायची हे एक कारण, आणि तोंड उघडलं की टेप लागायची हे दुसरं. दोन्ही कारणं तिला ठाऊक होती आणि कुठल्याच कारणाचा तिला राग नव्हता. शिवणकामात त्या भागात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. शाळेचे गणवेश, बँकेतल्या बायकांचे कोट, लग्न ठरलेल्या मुलींचे झगे, सगळं तिच्याकडे यायचं. घराची रस्त्याकडची खोली हेच तिचं दुकान. खिडकीशी मशीन, कोपऱ्यात कपडे घालून बघायला पडदा, आणि समोरच्या भिंतीवर टीव्ही. माप देताना माणसाला हलता येत नाही, त्यामुळे मावशीचं ऐकून घेण्यावाचून गिऱ्हाइकाला गत्यंतर नसायचं. शहरात काय चाललंय हे अर्ध्या बायकांना मावशीकडूनच कळायचं.

मावशीला मात्र ते टीव्हीवरून कळायचं. आमच्या शहराचं एक चॅनल होतं. दोन भावांनी एका गाळ्यात सुरू केलेलं. पाणी कधी येणार, कुठला रस्ता खणलाय, कुणाची म्हैस हरवली, असल्या बातम्या द्यायचे. पुढे ते भाऊ थकले आणि एका मोठ्या कंपनीने चॅनल विकत घेतलं. पडद्यावरचे रंग बदलले, बातमीआधीचं संगीत जरा दणदणीत झालं. पण बातम्या सांगणारा चष्मेवाला तोच राहिला, त्याचं ते घसा खाकरून "नमस्कार" म्हणणंही तेच. मग मालक बदलला हे कुणाला कळणार? मावशीच्या लेखी तो घरातलाच माणूस होता. "चष्मेवाला कशाला खोटं बोलेल?" असं ती म्हणायची.

आमचे काका, म्हणजे मावशीचे यजमान, फुप्फुसांच्या दुखण्याने गेले. आजारपणात त्यांना सरकारी रुग्णालयात ठेवलं होतं. तिथे एक सिस्टर होती. काटक, कमी बोलणारी. काकांना जे इंजेक्शन हवं होतं ते एकदा संपलं, आणि बाहेरही कुठे मिळेना. तेव्हा सिस्टरला आठवलं की महिन्यापूर्वी गेलेल्या एका रुग्णाच्या घरी ते शिल्लक असणार. तिने त्या घरी फोन केला, आणि ड्यूटी संपल्यावर मावशीला बरोबर घेऊन तिथे गेली. त्या घरच्या सुनेने फ्रिजमधून न उघडलेलं खोकं काढून दिलं. डॉक्टरांनी तपासलं आणि काकांना दिलं. त्यानंतर काका बरेच महिने जगले. दुकानातल्या खुर्चीत बसून मावशीच्या शिवणीतल्या चुका काढत जगले. "ही माझी पाठची बहीण आहे," असं मावशी सिस्टरबद्दल सांगायची. सिस्टरही तिला ताई म्हणायची, अगं-तुगं करायची.

काका गेल्यावर दोन-तीन वर्षांनी नगरपालिकेची निवडणूक आली आणि सिस्टर आमच्या वॉर्डातून उभी राहिली. सगळ्यांनाच नवल वाटलं. सरकारी रुग्णालय नगरपालिकेच्या अखत्यारीत होतं, आणि ते एका कंपनीच्या ताब्यात द्यायचं घाटत होतं. तो निर्णय नव्या सभागृहात व्हायचा होता, आणि तो अडवायला आत कुणीतरी हवं म्हणून ती बिनपगारी रजा काढून उभी राहिली होती. दुकानात येऊन तिने मावशीला हे सगळं सांगितलंही होतं. जाताना एक पत्रक दिलं. "ताई, वाचून बघ गं." मावशी "हो हो" म्हणाली. कागद चांगला जाड होता. दुसऱ्या दिवशी तिने त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर कॉलरचा नमुना आखला आणि कापला.

मावशीला नगरपालिका काय ठरवते हे माहीत नव्हतं. आणि आपल्याला ते माहीत नाही, हेही माहीत नव्हतं. "सगळे एका माळेचे मणी" हे एक वाक्य तिला दर निवडणुकीला पुरायचं. मत ती चेहरा बघून द्यायची. सिस्टरच्या विरोधात जे गृहस्थ उभे होते त्यांना सगळे हसरे साहेब म्हणायचे. चॅनलवर ते दिवसभर दिसायचे. झाड लावताना, म्हाताऱ्यांना खुर्ची देताना, कुणाचं तरी बाळ उचलून घेताना. "आवाज किती दमदार आहे," मावशी म्हणायची.

मग एक दिवस चष्मेवाल्याने विचारलं, "सरकारी रुग्णालयातली औषधं जातात कुठे?" मागे भुताच्या सिनेमासारखं संगीत. पडद्यावर सिस्टरचा फोटो, तोही डोळे अर्धे मिटलेले असतानाचा. आरोप असा काहीच नव्हता, नुसते प्रश्न. पण ते सकाळी होते, दुपारी होते, संध्याकाळी होते.

पहिल्या दिवशी मावशी म्हणाली, "छे! ती नाही तसली." आठवड्याभराने म्हणाली, "आगीशिवाय धूर कसा निघेल?" आणि नंतर एकदा एका बाईच्या बाहीचं माप घेताना मी तिला बोलताना ऐकलं, "आता तुला म्हणून सांगते. आमच्या ह्यांनाही तिने असंच इंजेक्शन आणून दिलं होतं. कागद नाही, पावती नाही. तेव्हा मला कुठे कळलं!"

बोलताना तिच्या आवाजाला एक वजन आलं होतं. एवढ्या मोठ्या बातमीत आपलंही काही आहे, याचं ते वजन.

त्या बाईचा दीर चॅनलवर कामाला होता. दोन दिवसांत दुकानासमोर गाडी थांबली. एक तरतरीत मुलगी आणि एक कॅमेरावाला आत आले. मावशीने केस नीट केले, गळ्यातली टेप काढून ठेवली. मुलगी म्हणाली, "टेप राहू द्या मावशी, छान दिसते." मावशीने ती परत गळ्यात घातली.

"तुमच्या यजमानांना सिस्टरने औषध आणून दिलं होतं?"

"हो, दिलं ना."

"काही कागद? पावती?"

"कागद नाही, पावती नाही. म्हणजे ते एका घरून आणलं होतं, त्यांच्याकडे उरलेलं. मी होते बरोबर. डॉक्टरांनी बघितलं होतं..."

"वा, मस्त बोललात मावशी!" मुलगी म्हणाली. कॅमेरावाल्याने दिवा बंद केला.

संध्याकाळी आम्ही टीव्हीसमोर बसलो. शेजारच्या चार बायकाही आल्या होत्या. मावशी दिसली, मशीनशेजारी, गळ्यात टेप. "हो, दिलं ना. कागद नाही, पावती नाही." बस्स. पुढे हसरे साहेब आले. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'रुग्णाच्या पत्नीनेच फोडलं बिंग'.

मी म्हणाले, "मावशी, पुढचं कुठे गेलं? ते घर, डॉक्टर?"

मावशीने माझ्याकडे न बघताच सांगितलं, "वेळ कमी असतो गं त्यांना."

तिला कळलं होतं. मी तिच्या शेजारीच बसले होते. तिचा हात गळ्यातल्या टेपेशी गेला आणि तिथेच राहिला. पण तेवढ्यात एक शेजारीण म्हणाली, "काय धीटपणे बोललीस!" दुसरी म्हणाली, "आणि दिसलीस किती छान." मावशी लाजून हसली. पुढच्या दिवसांत ते वाक्य किती वेळा दाखवलं कोण जाणे. शाळेच्या मुख्याध्यापिका मुद्दाम दुकानात येऊन तिचं कौतुक करून गेल्या. बेकरीवाल्याने तिला रांगेतून पुढे घेतलं. त्याच आठवड्यात एकदा तिचा फोन वाजला. कापडाखालून काढून तिने नाव बघितलं. सिस्टरचा होता. मावशीने फोन पुन्हा कापडाखाली सरकवला आणि मशीन चालू केलं. मशीनच्या आवाजात फोन वाजून वाजून बंद झाला. मशीनमध्ये कापड नव्हतंच.

सिस्टर थोडक्यात पडली. अगदी आमच्यासारख्या दोन गल्ल्यांनी मनावर घेतलं असतं तर निवडून आली असती. वर तिच्यामागे चौकशी लागली आणि तिला घरी बसवलं. मावशीने हसऱ्या साहेबांना मत दिलं होतं. "लोकांना जे वाटलं ते झालं," एवढंच ती म्हणाली, आणि विषय बदलला.

नव्या सभागृहाने रुग्णालय कंपनीला देऊन टाकलं. समारंभ चॅनलवर थेट दाखवला. मावशी एका कोटाला अस्तर लावत होती, मी काजं करत होते. चष्मेवाला घसा खाकरून अभिमानाने म्हणाला, "आपल्या लाडक्या वाहिनीचा आणि आता आपल्या रुग्णालयाचाही सांभाळ करणारा उद्योगसमूह..."

मावशीची सुई थांबली. "आपल्या वाहिनीचा म्हणजे?"

"चॅनल त्यांचंच आहे ना मावशी. केव्हाच घेतलंय."

"म्हणजे ज्याला दवाखाना हवा होता, त्याचाच हा टीव्ही?"

"हो."

"आणि तिला तो देऊ द्यायचा नव्हता."

"त्यासाठीच तर उभी होती ती."

"मला कुणी सांगितलं नाही," असं म्हणायला तिने तोंड उघडलं. "मला कुणी..." एवढंच म्हणाली. तिला सांगणारी बाई याच खोलीत येऊन, काकांच्या खुर्चीत बसून सांगून गेली होती. शरमेने माणूस लाल होतो म्हणतात. मावशी पांढरी पडली. उठून तिने टीव्ही बंद केला. मग बराच वेळ ती अस्तर लावत राहिली, आणि शेवटी लक्षात आलं की ते उलटं लागलंय.

चौकशीत काहीच निघालं नाही. औषधांची एक बाटलीही कमी नव्हती. चॅनलवर ते पडद्याच्या तळाशी एक बारीक ओळ होऊन आलं आणि सरकत निघून गेलं.

मावशी चॅनलच्या कचेरीत गेली, मी बरोबर होते. काचेचं दार, थंडगार खोली. तीच तरतरीत मुलगी बाहेर आली. उद्धट नव्हती, उलट तिने पाणी दिलं. मावशी म्हणाली, "माझं पुढचं बोलणं राहिलंय. ते दाखवा."

"मावशी, निवडणूक होऊन गेली. आता त्यात बातमी काय आहे?"

"तेव्हा होती ना?"

मुलीने नजर खाली घातली. "ते मी नाही ठरवत," म्हणाली.

मग मावशी सिस्टरकडे गेली. चौकशीतून सुटली तरी नव्या मालकांनी तिला परत घेतलं नव्हतं. ती घरोघर जाऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांची शुश्रूषा करायची. दार तिनेच उघडलं. आत ये म्हणाली नाही.

मावशीने वाटेत बरंच काही जुळवलं होतं, ते सगळं विसरली. "मी चुकले गं," एवढंच निघालं. "मी सगळं सांगितलं होतं, त्यांनी कापलं. पण कापलेलं मला दिसलं होतं. मी गप्प बसले."

"मी फोन केला होता तुम्हाला," सिस्टर म्हणाली.

तुम्हाला! शिवी दिली असती तरी मावशीला इतकं लागलं नसतं.

"माहीत आहे. मी मशीन चालू केलं."

सिस्टर म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? मला तर माहीतच होतं. ज्यांना खोटं सांगितलंत, त्यांना सांगा." तिने दार हळूच लावलं, आपटलं नाही.

मावशी सांगायला लागली. माप घेता घेता प्रत्येकीला. पहिल्यांदा सांगताना तिच्या हातून टाचणी त्या बाईलाच टोचली. काहीजणी ऐकून घ्यायच्या आणि पुढच्या वेळी कपडे दुसरीकडे टाकायच्या. काहीजणी म्हणायच्या, "जाऊ दे गं, झालं गेलं." एक तर चिडलीच, "आता कुणाचं ऐकून फिरलीस? आम्ही डोळ्यांनी बघितलंय तुला टीव्हीवर!" समोर उभी राहून बोलणारी मावशी तिला खोटी वाटत होती, आणि पडद्यावरची खरी. मुख्याध्यापिकांनी गणवेशाचं काम काढून घेतलं. मावशीने कुणाशीच वाद घातला नाही. "मी तेव्हा अर्धंच बोलले," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणायची. तिची बाकीची टेप बंद झाली होती.

परवा तिचे डोळे दाखवायला आम्ही रुग्णालयात गेलो होतो. आता तिथे आधी पैसे भरून कार्ड काढावं लागतं, मग रांग. मावशीच्या मागे एक अनोळखी बाई लेकरू घेऊन उभी होती, वैतागलेली. "पूर्वी बरं होतं," ती कुणाला तरी सांगत होती, "पण ती एक सिस्टर औषधं चोरायची ना. म्हणून तर द्यावं लागलं कंपनीला. एका बाईने टीव्हीवर सांगितलं होतं."

मी मावशीचा दंड धरला. जाऊ दे, असं मला म्हणायचं होतं. ती मागे वळली.

"ती बाई मीच," मावशी म्हणाली. "ते औषध चोरीचं नव्हतं. दुसऱ्या एका घरून मागून आणलं होतं. मी स्वतः बरोबर गेले होते."

त्या बाईने तिला खालून वरपर्यंत बघितलं. "मग तेव्हा का नाही बोललात?"

रांगेतल्या सगळ्यांनी वळून बघितलं होतं. मावशीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"टीव्हीवर मी छान दिसत होते," ती म्हणाली.

कुणी हसलं नाही. रांग पुढे सरकली, आम्हीही सरकलो. त्या बाईने लेकराला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि आमच्यात दोन पावलांचं अंतर ठेवून ती मागेच उभी राहिली.