चार कॅसेटींचा इतिहास

आमच्या घरात रॉक बँडचा विषय निघाला की मुलं आधी एकमेकांकडे बघतात. "बाबा, प्लीज, नॉट द चार्ट," थोरली म्हणते. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीतून येतं. पण मी सांगतोच. एका अमेरिकन बँडचा इतिहास शेवटाकडून सुरुवातीकडे, तोही टी-स्क्वेअर लावून, पूर्ण आत्मविश्वासानं सांगणारा माणूस जगात मी एकटाच असणार, आणि असा मान घरात वाया घालवू नये.

ऐंशीचं दशक मध्यावर आलं होतं. मी बहरीनला एसीच्या डक्टची ड्रॉइंग काढणारा ड्राफ्ट्समन. झिंज भागात आमचा फ्लॅट, खाली ब्रेडपासून बॅटरीपर्यंत सगळं विकणारं कोल्ड स्टोअर. माझा रूममेट वसईचा, हॉस्पिटलात एक्स-रे काढायचा. दिवसा लोकांची हाडं बघायची आणि गुरुवार-शुक्रवार संध्याकाळी एका हॉटेलात झालरीचा शर्ट घालून गिटार वाजवायची. जेवणाऱ्यांच्या चमच्यांपेक्षा मोठा आवाज काढायचा नाही, ही तिथली अट.

त्याची एक वही होती. तिच्यात चार गाणी, स्वतः रचलेली, वसईच्या घरच्या बोलीत. तीन वर्षांत ती गाणी बाथरूमच्या बाहेर आली नव्हती. त्या वर्षी आपल्या लोकांच्या मंडळानं वार्षिक कार्यक्रमात त्याला वीस मिनिटं देऊ केली. पण कार्यक्रम शुक्रवारी संध्याकाळी, म्हणजे नेमका हॉटेलच्या वेळेला, आणि हॉटेलच्या बँडमास्तरानं आधीच बजावलं होतं की एक शुक्रवार चुकवलास तर परत येऊ नकोस.

"जा की," मी म्हणालो.

"आणि लोक हसले तर? झालर पण गेली, गाणं पण गेलं," तो बोलला. वही पुन्हा गादीखाली गेली.

अशात माझ्या ऑफिसातला एक अमेरिकन इंजिनियर सुट्टीवर जाताना माझ्या हातात बुटाचा एक खोका ठेवून गेला. आत चार कॅसेटी. त्याच्या गावच्या पोरांचा बँड होता, बेस वाजवणारा त्याच्या वर्गातला. या संगीताला अल्टरनेटिव्ह रॉक म्हणतात हे आम्हाला फार नंतर कळलं. तो नुसता "डिफरंट" म्हणाला होता. मनामाच्या बाजारातल्या कॅसेटवाल्याकडे चौकशी केली तर त्यानं न बघताच "मफी" म्हणून हात हलवला. त्याच्याकडे नाही म्हणजे अख्ख्या बेटावर नाही, फक्त आमच्याकडे आहे, या विचारानंच मी दोन दिवस हवेत होतो.

कॅसेटींवर ना गाण्यांची नावं, ना साल. फक्त अमेरिकनाच्या अक्षरात आकडे, एक ते चार. ड्राफ्ट्समनला एवढं पुरतं. आमच्या धंद्यात एक नंबरचं ड्रॉइंग आधी निघतं आणि चार नंबरचं सगळ्यात शेवटी, त्यात शंका घ्यायला जागा नसते. त्या हिशेबानं आम्ही ऐकायला बसलो आणि मी उडालोच. एक नंबरमध्ये वायोलिनं, पियानो, सगळं कसं इस्त्री केलेलं. दोनमध्ये वायोलिनं गायब. तीनमध्ये गिटार अंगावर येत होती. आणि चार म्हणजे कहर. गॅरेजमध्ये ड्रम, गाणाऱ्याचा शब्द कळेना, मध्येच कुत्रं भुंकतंय, आणि मागून एक बाई काहीतरी ओरडतेय.

मी तीन संध्याकाळी खपून ट्रेसिंग पेपरवर तक्ता काढला. डावीकडून उजवीकडे चार चौकटी, मध्ये बाण, खाली टीपा. शुक्रवारी दुपारी जेवण झाल्यावर तो खिडकीवर चिकटवला आणि व्याख्यान दिलं. श्रोता एक, तोही लुंगीत.

"बघ," मी म्हणालो, "या लोकांकडे सगळं होतं. मोठा स्टुडिओ, वायोलिनवाले. एकेक करून सोडलं. शेवटी गॅरेजात गेले, कुत्र्यासकट. याला म्हणतात कलावंत. तू साधी झालर सोडायला तयार नाहीस."

"ती बाई काय ओरडते?"

"तो निषेध आहे. समाजाचा."

त्यानं चार नंबर पुन्हा लावली. मागे नेली, पुन्हा लावली. "जेवायला बोलावते ती," तो बोलला. "आमची आई वाडीतून अशीच ओरडायची."

मी टीप खोडली नाही. पण त्या दिवसापासून चार नंबर रोज वाजू लागली, आठवड्यानं वही गादीखालून निघाली, आणि एक दिवस तो हॉटेलातून झालरीचा शर्ट परत करून आला. "खलास," एवढंच बोलला आणि आंघोळीला गेला. आतून गाण्याचा आवाज आला नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी तो दुपारीच अदलियाच्या हॉलवर गेला. मी शर्टाला इस्त्री करत होतो, तेवढ्यात दारात अमेरिकन उभा. सुट्टीवरून सकाळीच उतरला होता आणि खोका न्यायला आला होता. त्याची नजर खिडकीकडे गेली. तो चौकटीमागून चौकट वाचत गेला आणि मग हसत हसत भिंतीला टेकला.

आकडे त्यानं ऐकायच्या क्रमानं घातले होते. सगळ्यात सोपी आणि सगळ्यात नवी ती एक नंबर, म्हणजे आम्ही दचकणार नाही. चार नंबर ही त्या पोरांची पहिली, ड्रमवाल्याच्या घरच्या गॅरेजात केलेली. कुत्रं त्यांचंच. बाई म्हणजे ड्रमवाल्याची आई, जेवण गार होतंय म्हणून ओरडणारी. गॅरेजातून वायोलिनापर्यंत पोचायला त्यांना सहा वर्षं लागली आणि आता कुठे जरा बरे दिवस आले होते. त्यानं माझा ट्रेसिंग पेपर काढला, उलटा करून उजेडाला धरला. कागद पारदर्शक असल्यामुळे चौकटी बरोबर लागल्या, फक्त माझं सुंदर अक्षर आरशातल्यासारखं झालं.

"यल्ला," मी म्हणालो आणि त्याच्याच गाडीतून आम्ही हॉलवर धावलो.

रूममेट स्टेजमागे खुर्चीवर बसून तार पिळत होता.

"ऐक," मी म्हणालो, "तो इतिहास उलटा आहे. ते गॅरेजातूनच निघाले होते. एक नंबर शेवटची."

"म्हणजे वायोलिन सोडून कोणी गॅरेजात गेलं नाही."

"नाही."

"फक्त मी गेलो."

त्यानं तारेला आणखी एक पीळ दिला.

"तू काढलेल्या डक्टांतून हवा येते ना रे? की ती पण उलटी जाते?"

"येते."

"मग जा, पुढे बस. मी त्या बाईचं ऐकून आलो, तुझ्या तक्त्याचं नाही. आणि लोक हसले तर तू पहिला हसू नको."

पहिल्या गाण्याला स्पीकरनं अशी शिटी मारली की पुढच्या रांगेतल्या काकांनी कानात बोटं घातली. दोन कुटुंबं बटाटेवड्यांच्या टेबलाकडे सरकली. मागे कोणीतरी खरंच हसलं. त्यानं मान वर केली नाही. दुसरं गाणं सुरू केलं. आई केळीच्या वाडीतून हाका मारतेय, पोरगा विहिरीमागे लपून ओ देत नाही, एवढंच गाणं. पण गिटार आता चमच्यांना विचारत नव्हती. दुसऱ्यांदा हाक आली तेव्हा मागच्या रांगेतून, ड्यूटीवरून तशाच पांढऱ्या गणवेशात आलेल्या वसईच्या नर्सांपैकी एकीनं खणखणीत ओ दिली. पुढच्या हाकेला सहाजणींनी. तिसऱ्या गाण्यानंतर लोकांनी त्याला ते दुसरंच पुन्हा म्हणायला लावलं, आणि या वेळी काकांची बोटं कानातून निघाली होती. अमेरिकनानं अर्थ विचारला. मी सांगितला. त्यानं डोळे मिचकावले नि तोही ओ द्यायला लागला, दर वेळी अर्ध्या तालानं उशिरा.

पुढच्या शुक्रवारी हॉटेल नव्हतं. दुपारी आम्ही कोरी कॅसेट लावून चारही गाणी टेप केली. आवाज नको म्हणून एसी बंद ठेवला, म्हणून खिडकी उघडी, म्हणून तिसऱ्या गाण्यात खालच्या कोल्ड स्टोअरवाल्याचं "बोतल वापस करो, भाई" स्वच्छ ऐकू येतं. पुन्हा करायचं का विचारलं तर तो नाही बोलला.

कॅसेट बाहेर काढून त्यानं माझ्यासमोर धरली. "अक्षर तुझं चांगलं आहे. नंबर टाक."

मी पेन उघडलं, जरा थांबलो, आणि तारीख घातली.